पोटावारी काम आणि वाळवंटातला मुक्काम

शिकलेल्या, कमावत्या किंवा शिक्षण नुकतेच संपवलेल्या मुलींमध्ये गेल्या काही वर्षांत प्रवासाचा एक नवा प्रकार रुजतो आहे. लांबच्या एखाद्या ठिकाणी जायचे, तिथल्या शेतावर, आश्रमात किंवा तंबूंच्या छावणीत रोज काही तास काम करायचे आणि त्या बदल्यात राहणे-जेवण फुकट मिळवायचे. पगार नाही, करार नाही. कामाला 'नोकरी' म्हणत नाहीत, 'स्वयंसेवा' म्हणतात. मालकाला 'यजमान' म्हणतात. राजस्थानात जैसलमेरच्या आसपास, सम आणि खुडीच्या वाळूच्या टेकड्यांजवळ, ऑक्टोबर ते मार्च या हंगामात पर्यटकांसाठी तंबू उभे राहतात. त्यांतल्या काही ठिकाणी आता योग, ध्यान, मौन आणि मनःशांतीचे कार्यक्रम होतात. पाहुणे त्यासाठी घसघशीत पैसे मोजतात. आणि त्या पाहुण्यांच्या गाद्या घालणारी, ताटे वाढणारी, सकाळी हसून स्वागत करणारी मुलगी अनेकदा 'स्वयंसेविका' असते.

या प्रकाराविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा : "पोरगी किती धीट, पैशांवाचून हिंडून आली!" दुसरा धाकाचा : "एकटीदुकटीने वाळवंटात जायचे कशाला?" मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. मुलींनी हिंडावे की नाही हा प्रश्नच नाही; हिंडावे, खूप हिंडावे. प्रश्न त्यांच्या श्रमांचा आहे. बाईच्या कामाला 'सेवा' हे नाव दिले की त्याचे मोल कसे नाहीसे होते आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कशी कोणाचीच उरत नाही, हे आपण स्त्री-चळवळीत इतकी वर्षे सांगत आलो. तेच गणित आता नव्या, आकर्षक वेष्टनात समोर आले आहे.

देवाणघेवाण जुनीच

मुक्कामाच्या बदल्यात काही देणे ही गोष्ट मुळात वाईट नाही, आणि आपल्याला नवीही नाही. पंडिता रमाबाईंचे सारे बालपण अशा भटकंतीत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडत, देवळांतून पुराणे वाचत, आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण होई. त्या अनुभवातून रमाबाई घडल्या. श्रमदान हा शब्द तर महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना घरचाच आहे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत माती उपसून आलेली माणसे आज आपल्या संस्थांतून काम करताना दिसतात.

परदेशातही या प्रकाराची सुरुवात साधीच होती. १९७१ साली लंडनमध्ये सचिवाचे काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड या बाईंनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर काम करता यावे म्हणून एक छोटी योजना सुरू केली. पहिल्या खेपेला ससेक्समधल्या एका शेतावर जेमतेम चार जण गेले. पैशांचा व्यवहार नाही. शेतकऱ्याला हात मिळाले, शहरवासीयांना शेत मिळाले. ती कल्पना पुढे जगभर पसरली. त्यानंतर इंटरनेटवर अशा यजमान-पाहुण्यांच्या गाठी घालून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रवासी त्यांना वर्गणी भरतात. दिवसाला साधारण चार-पाच तास आणि आठवड्याला पाच दिवस काम, अशी अट सांगितली जाते. शेताबरोबर हॉटेले, वसतिगृहे आणि पर्यटकांचे आश्रमही या यादीत आले. इथेच त्या जुन्या देवाणघेवाणीचा पोत बदलला.

फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ज्या ठिकाणी आपण फुकट राबतो, तिथे पाहुण्यांकडून पैसे घेतले जातात का? विपश्यनेच्या केंद्रात सेवा देणाऱ्यांना पगार नसतो, पण शिबिरार्थींकडून शुल्कही घेत नाहीत. सारे दानावर चालते. तिथे 'सेवा' या शब्दाला अर्थ आहे. परंतु जिथे पाहुणा रात्रीचे हजारो रुपये मोजतो आणि त्याची चादर बदलणारीला फक्त खाट आणि जेवण मिळते, तिथे कोणाची तरी कमाई होते आहे. सेवा एकीची आणि नफा दुसऱ्याचा, असा तो व्यवहार आहे. याला मराठीत जुना शब्द आहे : पोटावारी काम.

चार तासांचे दहा तास

गेल्या हिवाळ्यानंतर आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली. तिची ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन आणि तिच्या संमतीने तिची हकिगत थोडक्यात सांगते. वय पंचविशीचे, नोकरी सोडून चार महिने देश पाहायला निघालेली. वाळवंटातल्या एका ध्यान-निवासात तिने महिनाभराचे काम घेतले. ठरले होते स्वागत आणि छायाचित्रे काढणे, दिवसाला पाच तास. प्रत्यक्षात सकाळच्या चहापासून रात्रीच्या शेकोटीपर्यंत ती उभीच असे. आचारी सोडून गेल्यावर स्वयंपाकघरही तिच्याकडे आले. तिच्याबरोबरच्या मुलाकडे मात्र गाडी चालवणे आणि दिव्यांच्या तारा जोडणे एवढेच काम राहिले. "तू घरातल्यासारखीच आहेस," असे मालक म्हणे. घरातल्यासारखी म्हणजे न विचारता कामाला लावता येणारी, हा अर्थ कळायला तिला आठवडा लागला.

तिसऱ्या आठवड्यात मालक रात्री 'गप्पा मारायला' तिच्या तंबूशी येऊ लागला. तंबूला कडी नसते. रस्ता आठ-दहा किलोमीटरवर, तिथे नेणारी जीप मालकाची, मोबाइलला रेंज एकाच टेकडीवर. आणि शिवाय, जाताना तो तिच्याविषयी जे लिहील त्यावर पुढच्या ठिकाणी मुक्काम मिळणार की नाही हे ठरणार. एका पाहुण्या कुटुंबाच्या गाडीतून ती बाहेर पडली. घरी सांगितले नाही, कारण घरचे म्हणाले असते, "तरी आम्ही सांगत होतो." आमच्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मी तर तिथे नोकरीला नव्हते. मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

हिशेब मांडून पाहू. दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर चार आठवड्यांचे १०० तास होतात. दिवसाला दहा तास आणि आठवड्याला सहा दिवस धरले तर २४० तास. म्हणजे ठरल्यापेक्षा १४० तास जास्त. वरच्या या तासांच्या बदल्यात खाट वाढत नाही, की भाकरीही वाढत नाही. घरात बाईचे जे होते तेच इथे झाले. काम वाढत जाते, मोबदला ठरलेला नसतो. त्यामुळे कुठे थांबायचे हेही ठरत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर पाहणीत घरातल्या बिनमोल कामात बायका दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. या संस्कारात वाढलेली मुलगी वाळवंटात पोचली तरी खरकटे दिसले की तिचाच हात पुढे होतो. मालकाला ते पक्के ठाऊक असते.

त्यात आध्यात्मिक वातावरणाची भर पडते. जिथे 'अहंकार सोडा', 'अपेक्षा ठेवू नका' असे रोज सकाळी सांगतात, तिथे जादा कामाची तक्रार करणारी मुलगी आपोआप 'अहंकारी' ठरते. साध्या हॉटेलात ती निदान भांडू तरी शकली असती.

राजस्थानने शिकवलेले दोन धडे

गंमत अशी, की 'स्वयंसेविका' या शब्दाआडचे राजकारण उघडे पाडणारे दोन मोठे लढे याच राजस्थानच्या मातीतून उभे राहिले. ते वाळवंटात जाणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवेत.

पहिला दुष्काळी कामांचा. राजस्थान सरकारने १९६४ साली कायदा करून दुष्काळी कामावरच्या मजुरांना कामगार कायद्यांच्या बाहेर ठेवले होते. युक्तिवाद असा, की ही कामे म्हणजे मदत आहे, रोजगार नव्हे. हरमाडा गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर दलित बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्या हाती किमान वेतनापेक्षा कमी पडत होते. तिलोनियाच्या संस्थेचे संजित रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ साली न्यायालयाने निर्णय दिला, की मदत म्हणून दिलेल्या कामातही किमान वेतन नाकारता येणार नाही. माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेऊन कमी मजुरी देणे हा संविधानाच्या २३ व्या कलमाने मना केलेला वेठबिगारीचाच प्रकार आहे. त्याआधी १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात हेच तत्त्व मांडले गेले होते.

मी इथे सावध राहू इच्छिते. बँकेत चार पैसे असलेली, पाठीवर सामान घेऊन निघालेली मुलगी आणि दुष्काळात दगड फोडणारी दलित बाई यांची परिस्थिती एक नाही. दोघींना एकाच मापाने मोजणे हा त्या बाईचा अपमान होईल. पण तत्त्व लक्षात घ्यावे. 'आम्ही तुमच्यावर उपकार करतो आहोत' असे म्हटल्याने श्रमाचे मोल संपत नाही.

दुसरा लढा भंवरीदेवींचा. राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात १९८४ पासून गावोगावी 'साथिन' नेमल्या गेल्या. साथिनीला पगार नव्हता, मानधन होते. जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींनी १९९२ मध्ये बालविवाह थांबवण्याचे सरकारचेच काम केले, आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी सुटले. पण काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे की नाही, हा प्रश्न घेऊन स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली 'विशाखा' निर्णय आला. त्यातूनच पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. या कायद्यातली 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचावी. मोबदला घेऊन वा न घेता काम करणारी, स्वयंसेवी तत्त्वावर काम करणारी, हंगामी, रोजंदारीवरची, सगळ्या त्यात येतात. 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत राहते घरसुद्धा आहे. म्हणजे तंबूत काम करणारी बिनपगारी मुलगीही या कायद्याच्या संरक्षणात आहे. ज्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत तीन महिन्यांची. कारण पटले तर समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. गुन्हा गंभीर असेल तर पोलिसांत कोणत्याही ठाण्यावर शून्य क्रमांकाने फिर्याद नोंदवता येते. जैसलमेरला परत जावे लागत नाही. पुण्यात किंवा नागपुरातही ती नोंदवता येते.

पगार न घेणाऱ्या बाईचे संरक्षण कायद्यात आले, त्याच्या मुळाशी एका मानधनावरच्या बाईचा लढा आहे. भंवरीदेवींना स्वतःला हवा तो न्याय मिळाला नाही. तुमच्या-माझ्या मुलींना मात्र त्या कायदा देऊन गेल्या. तो वापरला गेला नाही तर त्या ऋणाला काय अर्थ?

परदेशी मुलींची अडचण आणखी वेगळी. ई-पर्यटक व्हिसावर थोड्या मुदतीचे स्वयंसेवी काम चालते, पण त्याच्या बदल्यात पैसे किंवा कोणताही मोबदला घेण्याची मुभा नाही. फुकटची खोली हा मोबदलाच धरला जाण्याची भीती असते. त्यामुळे काही घडले तरी ती पोलिसांकडे जायला कचरते, आणि मालकाच्या हाती आयतेच शस्त्र सापडते. व्हिसाचा नियम मोडला गेला, म्हणून छळाची तक्रार बाद होत नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

ढाणीतली बाई कुठे आहे?

या सगळ्या चर्चेत एक बाई सहसा दिसतच नाही. ती म्हणजे त्या तंबूंपासून कोसभरावरच्या ढाणीत राहणारी. जैसलमेर भागात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस, अनेकदा तेवढाही नाही. टांक्यात साठवलेले आणि बेरीत झिरपलेले पाणी पुरवून पुरवून वापरायचे, हे तिथल्या बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण. डोक्यावरून पाणी वाहण्याचे काम मुख्यतः बायकांचेच. त्याच भागात पाहुण्यांच्या शॉवरसाठी टँकर येतो. छावणीला त्या ढाणीचे लोकसंगीत हवे असते, तिथले उंट हवे असतात, बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी हवी असते. मग स्वयंपाकाला, झाडलोटीला, अंगण सारवायला तिथल्या बाईला रीतसर मजुरीवर का ठेवत नाहीत?

पुष्कळदा पडदा आणि घरच्या पुरुषांचा विरोध आड येतो, हे खरे. पण ज्या कामाला शहरातून आलेली मुलगी फुकट मिळते, त्या कामाला गावातल्या बाईसाठी पगार काढायची मालकाला गरजच राहत नाही. आपली मुलगी अनुभव म्हणून जे काम फुकट करते, ते तिथल्या बाईची रोजी असू शकते. प्रवास करणाऱ्या मुलींनी हा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते. जो मालक स्थानिक बायकांना किमान वेतनावर ठेवतो आणि स्वयंसेविकेला शिकण्या-शिकवण्याचे काम देतो, तिथे खुशाल जावे. जो पगारी कामगार कमी करून स्वयंसेवक भरतो, तिथे जाऊ नये.

किमान वेतनासाठी १९४८ साली कायदा झाला, त्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. पण अंगणवाडी ताई 'मानसेवी', आशा 'स्वयंसेविका', ही शब्दांची कसरत अजून चालूच आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, तेही त्या बायकांच्या चिवट लढ्यानंतर. सरकारच जिथे बायकांच्या श्रमाला मानाच्या नावाखाली स्वस्त करते, तिथे तंबूवाल्याने तो कित्ता गिरवावा यात नवल नाही.

मग करायचे काय?

मुलींना घरी बसवणे हा उपाय नव्हे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली जे पुस्तक लिहिले, त्यात धोका पत्करण्याचा हक्क बायकांनाही आहे, असे ठामपणे मांडले. मला ते पटते. पण धोका पत्करणे वेगळे आणि तो दुसऱ्याने आपल्यावर लादणे वेगळे. म्हणून निघण्याआधी काही गोष्टी पक्क्या कराव्यात :

१. कामाचे तास, कामाचे स्वरूप, सुट्टीचा दिवस आणि झोपण्याची जागा हे सारे लिहून घ्यावे. साध्या संदेशातले 'हो' हाही पुरावाच असतो. तो जपून ठेवावा.

२. झोपण्याच्या जागेला आतून कडी असावी. नसेल तर ती मागण्यात संकोच करू नये.

३. परतीच्या वाहनाचे पैसे वेगळे बाजूला ठेवावेत आणि मालकाच्या गाडीवाचून बाहेर कसे पडता येईल ते पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. पारपत्र, आधार कार्ड कोणाच्या ताब्यात देऊ नये.

४. त्या ठिकाणी आधी राहून गेलेल्या निदान दोन मुलींशी थेट बोलावे. लिहिलेल्या कौतुकावर विसंबू नये.

५. रोजचे तास वहीत टिपावेत. ठरल्यापेक्षा जास्त होऊ लागले की पहिल्याच आठवड्यात सांगावे. ऐकले नाही तर निघावे. अर्धवट सोडणे म्हणजे हार नव्हे.

६. महिला मदतवाणी १८१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

पण हे सारे मुलींनी करायचे झाले. जबाबदारी एवढ्यावर संपत नाही. यजमान आणि प्रवासी यांची गाठ घालून वर्गणी घेणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक भारतीय ठिकाणासोबत जिल्ह्याच्या स्थानिक समितीची माहिती छापली पाहिजे. छळाची तक्रार आलेले ठिकाण चौकशी होईपर्यंत यादीतून काढले पाहिजे. जिल्हा प्रशासनाने पर्यटक छावण्यांना परवाने देताना किती माणसे पगारी आणि किती 'स्वयंसेवी' आहेत, हे विचारले पाहिजे. स्थानिक समित्या कागदावर न राहता त्यांचे पत्ते बसस्थानकावर, ठाण्यात, छावणीच्या दारावर लागले पाहिजेत. हा आग्रह आपल्यासारख्या संघटनांनीच धरायचा आहे, आणि राजस्थानातल्या मैत्रिणींच्या संघटनांना बरोबर घेऊन धरायचा आहे.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. परत आलेल्या मुलीला "तरी आम्ही सांगत होतो" असे म्हणू नका. त्या एका वाक्याच्या भीतीने किती मुली तोंड मिटून बसतात हे आम्ही केंद्रात रोज पाहतो. तीन महिन्यांची मुदत त्या गप्प बसण्यातच निघून जाते. ती काय सांगते ते ऐका, तारखा लिहून काढायला मदत करा, आणि तक्रार द्यायला तिच्याबरोबर जा. पुढच्या हंगामात तिला पुन्हा जावेसे वाटले, तर जाऊ द्या.